सरकत्या अक्षरांची पाटी

गावाचं नाव लिहीत नाही. दौंड तालुका, सोलापूर रस्ता, एवढं पुरे. नाव लिहिलं तर पुन्हा त्याच माणसांच्या तोंडी लागावं लागेल, आणि मला त्यांची तोंडंसुद्धा बघायची नाहीत.

दिवस लोडशेडिंगचे. माझ्या बायकोनं केडगाव स्टेशनवरून रेल्वेनं रोज ये-जा करून दौंडला ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि आमच्या बोळातल्या खोलीत पार्लर टाकलं. बोळात कुणी फिरकेना. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला आत पार्लर आहे हे कळणार कसं? म्हणून तिनं बोळाच्या तोंडाशी, आमच्याच भिंतीवर, पुण्याहून आणलेला एलईडीचा बोर्ड लावला. लाल अक्षरं सरकत जायची : फेशियल, थ्रेडिंग, मेंदी, फक्त महिलांसाठी. महिन्याभरात यवत-भांडगावच्या बायका रिक्षा करून यायला लागल्या. पार्लर चालत होतं ते त्या पाटीवर.

मग सरपंचांचा वाढदिवस आला. कार्यकर्त्यांनी आम्हाला न विचारता आमच्याच भिंतीवर, पाटीच्या बरोबर खाली, भलामोठा फ्लेक्स ठोकला. डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या शेंबड्या पोरांचेसुद्धा फोटो. संध्याकाळी लाइट आली आणि सरपंचांच्या डोक्यावरून अक्षरं सरकायला लागली : फक्त महिलांसाठी. टपरीवरची माणसं पोट धरधरून हसली. मीही हसलो. झक मारली आणि हसलो.

आठ दिवसांत ग्रामसभा लागली. आमच्याकडं ग्रामसभेची रीत ठरलेली. ग्रामसेवक कोरं पान पुढं करायचा, आपण सही ठोकायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. वर ठराव काय लिहायचे ते तो नंतर सवडीनं लिहायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला कंपनीत सेकंड शिफ्टला जायचं होतं, म्हणून सगळ्यांच्या आधी गेलो.

"आप्पा, विषय काय हाय?" मी सरपंचांना विचारलं.

"न्हेमीचंच रं. गटारं, दिवाबत्ती. कर सही."

केली. पहिलीच सही माझी.

दोन दिवसांनी शिपाई नोटीस घेऊन दारात. चालत्या अक्षरांच्या विद्युत पाट्यांमुळे वाहनचालकांचे डोळे दिपतात व विजेचा अपव्यय होतो, सबब अशा पाट्या सात दिवसांत काढाव्यात. कापडी, रंगवलेले व फ्लेक्सचे फलक यातून वगळण्यात येत आहेत. अख्ख्या गावात तशी पाटी एकच होती. आणि डोळे कुणाचे दिपणार, तर सोलापूर रस्त्यावर समोरच्याच्या तोंडावर अप्परचा झोत मारत जाणाऱ्या ट्रकवाल्यांचे! काय पण काळजी!

मी तसाच पंचायतीत घुसलो. बायको मागोमाग. सरपंच खुर्चीत सुपारी कातरत बसलेले, भोवती चार-पाच टाळकी.

"हा ठराव आणला कुनी? नाव सांगा त्याचं!" मी टेबलावर हात आपटला.

ग्रामसेवकानं शांतपणे वही उघडून माझ्यापुढं सरकवली. "वरडताय कशाला? सूचक तुमीच हाय की."

सूचक म्हणून माझं नाव. का, तर पहिली सही माझी.

"भाऊसाहेब, मी कोऱ्या पानावर सही केली हुती!"

"कोऱ्या पानावर कुनी सही करतं व्हय?" कोरं पान पुढं करणारा तोच माणूस हे म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही.

सरपंचांनी सुपारी तोंडात टाकली. "वहिनी, आमी तर नगंच म्हनत हुतो. पन तुमच्या मालकांनीच लई जोर धरला."

टाळकी खिदळली. मला शिसारी आली. त्या हसण्याची आली, त्या वहीची आली आणि सगळ्यात जास्त माझ्या उजव्या हाताची आली.

बायकोनं मात्र वही जवळ ओढून ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"सही तुमचीच हाय?"

"हाय. पन..."

"वाचलं न्हवतं?"

"कुनीच वाचत न्हाई गं."

तिनं वही मिटून ग्रामसेवकाकडं सारली आणि घरी गेली.

दिवाळीपर्यंत पार्लर बंद पडलं, ते पुढचं. मला डाचतो तो सातवा दिवस. मी तहसीलदाराकडं जातो, अर्ज करतो, एकेकाला बघून घेतो, असली बडबड करत अंगणात फेऱ्या मारत होतो. तोवर तिनं भिंतीला शिडी लावली, पदर खोचला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर चढली. खाली फ्लेक्स तसाच, हात जोडून.

"उतर खाली. मी काढतो," मी म्हणालो.

तिनं खाली बघितलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ द्या. सूचकांनी नुसती शिडी धरायची."

मी शिडी धरली.