समोरच्या डोंगरावरचं नाव

माझी बदली मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली तेव्हा सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. इथं जव्हारला एकटी बसून काय करू?" नवरा नोकरीनिमित्त नाशिककडे. त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. त्यांना दम्याचा जुना त्रास. पाड्यावर खोली मिळाली ती कारवीच्या कुडाची, शेणाने छान सारवलेली, आणि खिडकीतून समोर थेट दरीपलीकडचा डोंगर. त्या डोंगराच्या उतारावर एक पिवळी इमारत दिसायची. ते आरोग्य उपकेंद्र.

दिसायला अगदी समोर. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं. पण जायचं तर खाली ओहोळापर्यंत उतरायचं, दगडांवरून पलीकडे जायचं आणि पुन्हा तेवढंच चढायचं. आई वाटेत पाच-सहा वेळा बसायच्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, पण गाडी, रस्ता, मोखाड्यातलं काम, यातलं काही आडवं आलं की दिवस बदलायचा. आमच्या पाड्यावर फोनला रेंज नाही. म्हणजे कळायचं कसं? आम्ही जायचो, आणि सिस्टर दारातच हात जोडायच्या, "आजी, आज डॉक्टर नाही आले हो." आई पायरीवर बसून पाणी प्यायच्या आणि परतीची वाट धरायच्या. मला मात्र त्यांच्या पाठीकडे बघवायचं नाही.

माझा धाकटा भाऊ ठाण्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्याने मला एक जुना लॅपटॉप दिला होता. त्यावर लिनक्स नावाची संगणक प्रणाली घातलेली, पण यंत्र इतकं थकलेलं की चित्रं, खिडक्या काही उघडायच्या नाहीत. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. "ताई, घाबरू नको. जे हवं ते टाइप करून मागायचं, ते देतं," असं तो म्हणाला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला काही आज्ञा शिकवल्या आणि सोबत यूएसबीला लावायचा एक लांब अँटेना दिला. समोरच्या बाजूच्या ग्रामपंचायतीचं वायफाय पकडता आलं तर शाळेची माहिती घरूनच भरता येईल, एवढाच माझा हेतू.

पाड्यावर परतल्यावर मी अँटेना खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला आणि टाइप केलं: sudo iw dev wlan1 scan. पडद्यावर ओळींचा पूर आला. आसपास जी जी वायफायची यंत्रं हवेत आपलं नाव सांगत असतात, त्या सगळ्यांची ती हजेरी. प्रत्येकाच्या नावाजवळ एक उणे आकडा. शून्याच्या जितका जवळ तितका आवाज खणखणीत, हे भावाने सांगितलेलं. आई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"कोण कोण हाय?"

"हा आपल्या शेजाऱ्यांचा मोबाइल. हा दुकानदाराचा. ही ग्रामपंचायत असेल, पण फार क्षीण आहे."

"आणि ही काय भानगड?"

त्यांचं बोट एका ओळीवर होतं. तिथे नावाच्या जागी नाव नव्हतंच. उलट्या रेघा, एक्स, आकडे, पुन्हा उलट्या रेघा. e0 a4 हीच जोडी परत परत येत होती. मला वाटलं, कुणाचं तरी यंत्र बिघडलं असेल. पण दुसऱ्या सकाळी पाहिलं तर ती ओळ बदललेली. आणि पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. बिघडलेलं यंत्र असं शिस्तीत बदलत नाही.

मी पडद्याचा फोटो काढला आणि शाळेच्या मागच्या टेकाडावर, जिथे रेंजची एखादी काडी मिळते, तिथे जाऊन भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. तो हसत होता.

"ताई, हे मराठी आहे! काळ्या पडद्याला देवनागरी काढता येत नाही, म्हणून तो एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे करून आकड्यात दाखवतो. मी जोडून बघितलं. लिहिलंय, 'डॉक्टर आले'."

मी टेकाडावर तशीच उभी राहिले. मग जवळजवळ पळत घरी आले, आईंना सांगितलं आणि आम्ही लगेच निघालो. त्या दिवशी आई वाटेत कमी वेळा बसल्या, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. डॉक्टर खरंच खुर्चीत बसलेले होते.

तपासणी झाल्यावर मी सिस्टरांना विचारलं. त्या लाजल्या. उपकेंद्राच्या भिंतीवर वायफायचा एक डबा बसवला होता. त्यात इंटरनेट क्वचितच यायचं, पण डबा चालू असायचा. बसवायला आलेल्या माणसाकडून त्यांनी नाव बदलायची रीत शिकून घेतली होती. "नाव बदलायला नेट लागत नाही ना, बाई. खालच्या वस्तीतल्या लोकांच्या मोबाइलवर दिसतं. कुणी बाळाला घेऊन उगाच चढून यायला नको, म्हणून. डॉक्टर आले की तसं लिहायचं, गेले की 'आज नाही' लिहायचं. फार मोठं मावत नाही त्यात." त्यांनी खिडकीतून दरीपलीकडे पाहिलं. "पण तिकडे तुमच्यापर्यंत पोचत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

त्यानंतर आमच्या घरात चहाचं आधण ठेवलं की लॅपटॉप चालू व्हायचा. भावाने ती तुकड्यांची अक्षरं जोडणारी एक छोटी आज्ञा लिहून दिली. उत्तर काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत उमटायचं. पाड्यावरच्या बायका आमच्या दारावरून पाण्याला जाताना विचारायच्या, "बाई, आज आला का डाक्टर?" आणि आईच आतून उत्तर द्यायच्या. एकदा उत्तर आलं: 'आजी या'. आईंचा श्वासाचा पंप संपला होता. तो उपकेंद्रात आल्याची ती वर्दी होती. दरीपलीकडून कुणीतरी आपल्याला एकटीला हाक मारली, या आनंदात त्या दिवसभर होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माझं नाव आलं होतं."

पुढच्या वर्षी नागलीची, म्हणजे नाचणीची, कापणी चालू असताना एका सकाळी त्यांचा दमा उसळला. पंपाने उतरेना. ओठ काळवंडले. शेजारचे दोघे शेतातून धावत आले, त्यांनी घोंगडीची डोली बांधली आणि मला विचारलं, "बाई, कुठं न्यायचं?" वर रस्त्याला नेलं तर मोखाड्याची जीप मिळेल, पण कधी, ते सांगता येत नव्हतं. खाली उतरून उपकेंद्रात नेलं आणि डॉक्टर नसले, तर पुन्हा एवढं सगळं चढून रस्ता गाठावा लागणार होता. मी लॅपटॉप उघडला, आज्ञा दिली, आणि तो शोधत होता तेवढा वेळ आईंच्या छातीची घरघर ऐकत बसले.

पडद्यावर उमटलं: 'डॉक्टर आले'.

"खाली," मी म्हणाले. "खाली चला."

त्या माणसांनी ओहोळातले दगड कसे पार केले, ते मी मागून पाहिलं आहे. डोली एकदाही कलंडली नाही. सिस्टर उतारावर अर्ध्या वाटेपर्यंत आल्या होत्या; आमचा पाडा त्यांना वरून दिसायचा, डोली निघालेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी आईंना हात दिला, डॉक्टरांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत आई उठून बसल्या आणि डोली वाहणाऱ्यांना म्हणाल्या, "जेवलात का रे?"

सिस्टरांचे आभार कसे मानायचे? मला कल्पना सुचली. लॅपटॉपलाही आपलं नाव हवेत सांगता येतं. मी भावाला विचारून तसं केलं आणि नाव ठेवलं, 'आभार सिस्टर'. आईंनी अँटेनामागे पिठाच्या डब्याचं झाकण धरलं, जोर यावा म्हणून. पुढच्या खेपेला विचारलं तर सिस्टरांनी मोबाइल पुढे केला. त्यात काहीच दिसत नव्हतं. आम्हाला त्यांचं ऐकू यायचं, पण आमचं तिथवर पोचत नव्हतं.

आई म्हणाल्या, "मंग हातानं नेऊ."

नागली घरात आल्यावर त्यांनी गूळ घालून लाडू वळले. डबा फडक्यात बांधला आणि मला बरोबर येऊ दिलं नाही. शेजारणीला घेऊन गेल्या. मी खिडकीत उभी राहून त्यांना उतरताना, मग ओहोळ ओलांडताना, मग समोरच्या पायवाटेवर चढताना पाहत होते. त्या मधूनमधून थांबत होत्या, पण बसत नव्हत्या. पिवळ्या इमारतीच्या दारातून कुणीतरी बाहेर आलं आणि दोन ठिपके बराच वेळ एकमेकांना चिकटून राहिले.