नागीण नव्हे, किडा!

बायांनो, सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसले. शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नका.

आमच्या नातीच्या, रेवाच्या मानेवर आज उठल्या उठल्या लाल पट्टा दिसला. वर बारीक फोड, नुसती आग. मी जरा बाजारात गेले, तेवढ्यात शेजारच्या गिरिजाक्कांनी येऊन निकाल दिला, "सर्पसुत्तु ते, नागीण! तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातं." वर गेरूची काव कालवून पोरीच्या मानेला फासली. परत येते तर पोर आरशासमोर रडतेय, "आज्जी, जुळायला किती राहिलंय?"

तशीच रिक्षात घालून विद्यानगरला डॉक्टरणीकडे नेली. तिनं काव धुतली आणि विचारलं, "काल मानेवर किडा मारलास का गं?"

रेवा म्हणाली, "हो, ट्यूबलाईटखाली बसले होते. हातानं चिरडला."

झालं! डॉक्टरीण म्हणाली, दिव्यावर येणाऱ्या त्या किड्याचा रस लागला की कातडी भाजते. म्हणून तो चिरडायचा नाही, फुंकून उडवायचा. रस लागलाच तर लगेच साबणपाण्यानं धुवायचं. डॉक्टरणीनं मलम दिलं.

घरी येऊन गिरिजाक्कांना सांगितलं, तर म्हणतात, "चांगल्यासाठीच केलं की हो!"

म्हटलं, "अक्का, चांगलंच करायचं होतं तर साबण द्यायचा. पोरीला मरण कशाला दाखवलंत?"

मलमानं आग उतरली. पण पोर अजून मानेवर बोट फिरवून पट्ट्याची टोकं चाचपतेय. त्या भीतीला कुठलं मलम लावू, सांगा कुणीतरी.