पुसलेली स्थळं

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी लोकांची लग्नं जमवायला घेतली. फुकट. नांदेड-परभणीकडून नोकरीपायी हैदराबादेत आलेली आमच्यातली बरीच घरं काचीगुडा-अंबरपेठ भागात आहेत. कुणाचा मुलगा बँकेत, कुणाची मुलगी नर्स, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की इथं आपल्यातलं कुणी भेटत नाही. बाबा रविवारी विहारात जायचे, वंदना झाली की दाराशी उभं राहून बायोडाटे गोळा करायचे आणि घरी येऊन माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन बोटांनी उतरवायचे. पत्रिकेचा रकाना आम्हा बौद्धांना लागत नाही. त्या उरलेल्या जागेत बाबांनी छंदाला दोन ओळी जास्त दिल्या होत्या.

लॅपटॉप अकरा वर्षांचा. चालू केला की आत घरघर सुरू व्हायची आणि पडद्यावर ते गोल फिरत राहायचं. स्थळ बघायला आलेली माणसं तोवर चहा संपवून भिंतीकडे बघत बसायची. एकदा अंबरपेठहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "काका, पोरीचं वय वाढायलंय, जरा लवकर उघडा की." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "तू एवढी कॉम्प्युटरातली. ह्याचं काही करता येतं का बघ."

मी खरंच कॉम्प्युटरातली. एका मोठ्या कंपनीत माझं कामच डेटा सांभाळण्याचं आहे. नव्याने लागलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगते की कुठल्याही गोष्टीच्या तीन प्रती पाहिजेत आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. बाबांच्या बायोडाट्यांची एकच प्रत होती, त्या घरघरणाऱ्या डिस्कवर. मला ते माहीत होतं.

चिक्कडपल्लीतल्या दुकानात एसएसडी घेतली. ही नव्या पद्धतीची डिस्क, आत काही फिरत नाही, म्हणून म्हातारा लॅपटॉपही तिच्यावर पळायला लागतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हम डाल के देते ना. आधे घंटे का काम है. आप काइकु तकलीफ करते?"

मी त्याला सांगितलं की मी हेच काम करते. त्याने माझ्याकडे अदबीने बघितलं. ती अदब मला घरी पोचेपर्यंत पुरली.

शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. आधी जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं, मग डिस्क बदलायची. बाबा चष्मा लावून शेजारी बसले. दोन्ही डिस्क सारख्याच क्षमतेच्या, पडद्यावर त्यांची नावंही जवळजवळ सारखीच. कुठून कुठे, ते मी निवडलं. मशीनने विचारलं, 'या डिस्कवरची सगळी माहिती पुसली जाईल. पुढे जायचं का?' असा प्रश्न आला की हात मांडीवर ठेवा आणि दोनदा वाचा, हेही मी लोकांना शिकवते. मी बाबांना समजावून सांगण्यात गुंतले होते. बोलता बोलता 'हो' दाबलं.

तीन-चार मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की कोरी डिस्क मी भरलेल्या डिस्कवर उतरवत होते. वायर उपसली.

"झालं एवढ्यात?" बाबांनी विचारलं.

"बाबा, उलटं झालं."

"उलटं म्हणजे?"

मी सांगितलं. जवळच्या काचीगुडा स्टेशनातून गाडीची घोषणा ऐकू येत होती. ती तेलुगूत झाली, हिंदीत झाली, इंग्रजीत झाली. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "इतकी वर्षं हे लोकांची लग्नं जमवायलेत, आणि घरच्या पोरीनं एका बोटानं सगळी मोडली."

पुसलेल्या डिस्कवरून उरलंसुरलं वेचणारे प्रोग्राम असतात. दोन दिवस ते चालवल्यावर साधारण निम्मे बायोडाटे हाती आले, पण फायलींची नावं गेली होती. नुसते आकडे. कोण कुणाचं, हे एकेक उघडून बघायचं होतं. पहिल्या पानाचा वरचा भागही बऱ्याच ठिकाणी उडालेला, म्हणजे नेमकं नावच नाही. मी वाचायची आणि बाबा छंदांवरून, मामाच्या गावावरून ओळखायचे. "क्रिकेट आणि विपश्यना? तो वीज मंडळातला." चुकले नाहीत एकदाही.

मला मजा वाटू लागली होती. एक फाईल उघडली आणि मी मोठ्याने वाचलं, "स्वभाव शांत व मनमिळाऊ. स्वयंपाकात निपुण. छंद, भरतकाम. बाबा, ही कोण हो आदर्श कन्या? तुम्हीच लिहिलंत ना हे?"

मी खाली वाचत गेले. वय तेहतीस. शिक्षण माझं. मामाचं गाव माझं. भाऊ एक, विवाहित, पुण्यात, तोही माझाच.

तेहतीस वर्षांची असताना मी त्यांना हे काढून टाका म्हणून सांगितलं होतं. भांडूनच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, काढलं. आज मी चव्वेचाळीसची आहे. जे पुसायला सांगितलं ते अकरा वर्षं जपलं गेलं होतं, आणि माझ्या तडाख्यातूनही तेच धडधाकट वाचलं होतं.

"तुम्ही काढलं म्हणाला होतात," मी म्हटलं.

"हौ. दाखवत नव्हतो कुणाला."

"मग ठेवलं कशाला?"

"काढायला हात गेला नाही, बाई." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढची उघड."

मी पुढची उघडली. राग आला होता, पण ज्या हाताने त्यांचं सगळं उडवलं त्या हाताने फार बोलताही येईना. आणि भरतकाम मी सातवीत शाळेसाठी एक रुमाल केला तेवढंच.

गेलेल्या निम्म्यांसाठी बाबांनी आठवडाभर फोन केले. सुरुवातीला ते विचारायचे, "तुमचा मुलगा अजून आहे का?" समोरचा घाबरायचा. मग मी वाक्य बदलून दिलं. कळलं ते असं की बऱ्याच जणांची लग्नं कधीच होऊन गेली होती. ज्या मुलाला बाबा सहा वर्षं घरोघर उत्तम स्थळ म्हणून सांगत होते, त्याला दोन लेकरं होती. त्याची आई फोनवर म्हणाली, "काका, कळवायचं राहिलंच बघा." बाबा म्हणाले, "असू द्या, आनंद आहे," आणि फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. शेवटी यादी पूर्वीच्या चौथाई राहिली. "आता ह्यात सगळी खरी माणसं आहेत," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी नवी डिस्क बसवली, यादीच्या तीन प्रती केल्या, एक पुण्याला भावाकडे पाठवली. लॅपटॉप आता झटक्यात उघडतो. बाबांनी बसून पहिला बायोडाटा नव्याने लिहायला घेतला, आणि तो माझा होता. मी तेव्हा नको म्हणाले नाही. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

"वय खरं लिहा," मी म्हटलं.

"चव्वेचाळीस." त्यांनी दोनदा चार दाबला. "स्वयंपाक?"

"काढा."

आतून आई म्हणाली, "काढाच."

"अपेक्षा?" बाबांनी विचारलं. जुन्या बायोडाट्यात तिथे 'निर्व्यसनी, नोकरदार' असं होतं, ते त्यांनी आपल्या मनाने घातलेलं. मला हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. ते बोट वर धरून थांबले. मी बराच विचार केला आणि म्हटलं, "सध्या राहू द्या."

बाबांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'सध्या राहू द्या', आणि सेव्ह केलं.