आर्थररावांचा बाक

फलटणच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला आलेले अण्णा रडले नाहीत. आई रडत होती, शेजारच्या काकू रडत होत्या, मी तर हुंदके देत होते. अण्णांनी मात्र खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. उभा जन्म ग्रामसेवक म्हणून काढलेला माणूस. कागदावर पट्टीने आखलेला तक्ता होता: गावाचे नाव, गावाचा इतिहास, पिण्याचे पाणी, शाळा, दवाखाना, पोस्ट, एसटीची सोय, बसण्या-उठण्याची जागा, स्मशानभूमी. जिथं राहशील तिथली माहिती भरून पाठव, म्हणाले. शिकायला परदेशी चाललेल्या पोरीच्या हातात स्मशानभूमीचा रकाना दिला म्हणून आई भडकली. "त्याशिवाय तक्ता पुरा होत नाही," अण्णा शांतपणे म्हणाले.

तो कागद बरीच वर्षं कोराच राहिला. ग्वेल्फला शिकत होते तेव्हा वेळ नव्हता, आणि मग मिल्टनला एका बेसमेंटमध्ये राहिले तेव्हा भरण्यासारखं काही नव्हतं. बेसमेंटच्या खिडकीतून लोकांचे बूट दिसायचे, गाव दिसायचं नाही. पुढे ग्वेल्फच्या एका फूड लॅबमध्ये पक्की नोकरी लागली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, झालं आणि शहराबाहेर वीस मिनिटांवर या लहानशा गावात मी घर घेतलं. सोबतच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. इथं ग्रोसरीसुद्धा धड मिळत नाही, एकटी बाई काय करणार, असं म्हणाले. मला वाटलं, खेड्यातली पोर मी, खेड्यात रमेन. माझ्यासारखं कुणी असा हिशेब करत असेल तर सांगते, खेडं म्हणजे मोकळी हवा आणि झाडं नव्हेत. ते मला इथं येऊन कळलं.

मग आई गेली. अण्णा घरात एकटे राहिले. कायमचे माझ्याकडे या म्हणून मी मागे लागले. मुलीच्या घरी कसं राहायचं, हे एक कारण त्यांच्याकडे होतंच, पण ते त्यांनी पुढे केलं नाही. "आधी तक्ता पाठव," एवढंच म्हणाले.

मी एका रविवारी बसून तो भरला. इतिहास सोपा होता, चौकातल्या पाटीवरच लिहिलेला. इंग्लंडमधल्या एका खेड्यातून काही कुटुंबं आली, ओढ्यावर पिठाची गिरणी घातली आणि मागे सोडलेल्या गावाचंच नाव या गावाला दिलं. बाकी रकान्यांत मी आहे, आहे, आहे असं लिहीत गेले. शाळा आहे. पोस्ट आहे. रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. बसण्या-उठण्याची जागा: तळ्याकाठी बाक. अगदीच खोटं नव्हतं ते. इमारती होत्याच. फक्त शाळेत आता एक जोडपं राहत होतं, पोस्टात मेणबत्त्या विकत होते आणि स्टेशनात आठवड्यातून तीन दुपारी लायब्ररी उघडायची. रूळ कधीच उखडले होते. अण्णा यावेत म्हणून मी गावाचा भूतकाळ वर्तमानकाळात लिहून टाकला. एकटीला ते घर मला खायला उठायचं.

अण्णा जूनमध्ये आले. तिसऱ्याच दिवशी मी कामावरून परतले, तर तक्ता टेबलावर होता आणि पाणी आणि स्मशानभूमी सोडून माझ्या प्रत्येक 'आहे'पुढे लाल पेनने 'बंद' लिहिलेलं होतं. ग्रामसेवकाला कागदावरची माहिती पाठवायची आणि तो पाहणीला निघणार नाही असं समजायचं, ही चूक मीच करू जाणे. ते रागावले नव्हते. चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले, "गाव झाडून-पुसून छान ठेवलंय गं. पण माणसं कुठं ठेवलीत?"

सहा वर्षं झाली होती मला तिथं, आणि हात हलवून 'हाय' करण्यापलीकडे कुणाशी बोलणं नव्हतं. माझ्या घराला गाव अजून आधीच्या मालकांच्या नावानेच ओळखत होतं.

त्याशिवाय एकच रकाना अण्णांनी खोडला नव्हता, तो तळ्याकाठच्या बाकाचा. शनिवारी सकाळी ते घरात दिसेनात म्हणून मी तिकडे गेले. बाकापासून चार पावलांवर चपला काढून ठेवलेल्या, आणि अण्णा हात जोडून उभे. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर आर्थर नावाच्या माणसाचं नाव आणि जन्ममृत्यूची सालं. समोर माझ्या कुंडीतलं झेंडूचं फूल. अण्णांना ती समाधी वाटली होती.

मला हसू आवरेना. सांगितलं, अहो, इथं अशी पद्धत असते. गेलेल्या माणसाच्या नावाने घरचे बाक देतात, लोकांनी बसावं म्हणूनच. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल. पण त्याच्या नावाला पाठ लावून कसं बसायचं?" मग ते बाकाशेजारी गवतावर मांडी घालून बसले. पुढे उन्हाळाभर ते रोज तसेच बसले. मी सातला निघायचे, सहाला परत यायचे. मधला सगळा दिवस अण्णा आणि आर्थरराव. हो, आर्थररावच म्हणायचे ते त्यांना. आज आर्थररावांकडे बदकं आली होती, असं सांगायचे.

ऑगस्टमध्ये एका रविवारी आम्ही दोघं तिथं असताना एक म्हातारी बाई गाडी थांबवून उतरली. ती हेलन, आर्थररावांची बायको. रोजचं फूल कोण ठेवतं, हे तिला कळत नव्हतं. तुझे वडील माझ्या नवऱ्याला ओळखत होते का, असं तिनं मला विचारलं. मी अण्णांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "सांग त्यांना, ओळख आता झाली." मी भाषांतर केलं आणि ती बाई आमच्यासमोर उभ्या-उभ्या रडली. आर्थरराव या गावचे शेवटचे पोस्टमास्तर होते. अण्णांनी मान डोलावली. सरकारी माणूस, म्हणाले.

मला वाटलं, जमलं. आता अण्णा राहतील. पण सप्टेंबर संपताना त्यांनी बॅग भरली. एअरपोर्टवर या वेळी मी रडले नाही, त्यांच्यासारखीच ताठ उभी राहिले. त्यांनी तक्ता परत माझ्या हातात दिला आणि आत गेले. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी तो उघडला. खाली त्यांनी पट्टीने आणखी एक रकाना आखला होता. 'ओळखीची माणसे.' आणि पुढे, त्यांच्या दफ्तरी अक्षरात: 'एक (मयत).'

मी मोठ्याने हसले. आणि मग इतकी रडले की काचेवर वाफ धरली. कायमचे या, या माझ्या हट्टाला त्यांचं उत्तर होतं ते, आणि बरोबर होतं.

आता हिवाळा आहे. हेलन नोव्हेंबरात देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला लेकीकडे कायमची राहायला गेली. तिनं लेकीचं घर धरलं, माझ्या बापानं नाही धरलं. जाताना ती बाकाबद्दल काही बोलली नाही, पण रविवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून झाला की मी फावडं घेऊन तळ्यावर जाते. बाकावरचा बर्फ काढते, पितळी पट्टी हातमोज्याने पुसते. फूल कुठून आणणार, डब्यातली एक लवंग ठेवते. आणि मी तिथं बसत नाही. उभीच राहून अण्णांना व्हिडिओ कॉल लावते. तिकडे तेव्हा दिवेलागणीची वेळ असते.

परवा त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, गावात काय बदल? पूर्वी मी सगळं मजेत आहे म्हणायचे. या वेळी खरं सांगितलं. "हेलन गेली लेकीकडे. आता मी आहे आणि आर्थरराव."

अण्णांनी फोन हळूच फिरवला आणि भिंतीवरचा, ताजा हार घातलेला आईचा फोटो मला दाखवला.

"इथंही तसंच," म्हणाले. "मी आहे आणि ही आहे."

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं तर मी पटकन या गावाचं नाव सांगते, फॉर्मवरही तेच लिहिते. मला विचाराल तर माझं घर रविवारी सकाळी पंधरा मिनिटं असतं. तेवढा वेळ आम्ही चौघं एकत्र असतो.