बुधवार मोकळा हाय

चहाचा कप समोर आला की त्यांचा उजवा हात छातीवर जायचा. सदऱ्याच्या खिशावर तळवा टेकवायचा, मान थोडी तिरकी करायची आणि म्हणायचं, "आज उपास हाय, पावणं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची नाही म्हणायची रीत इतकी सभ्य असते, की समोरच्याला चिडायला जागा राहत नाही. मी मात्र चिडायचो. एक तर दुकान माझं, खुर्ची माझी, चहा माझा, आणि पाहुणा मीच. दुसरं म्हणजे उपासाला चहा चालतो, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकदा तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "माझा कडक हाय."

सोमवारी महादेव, मंगळवारी अंबाबाई, गुरुवारी दत्त, शुक्रवारी परत अंबाबाई, शनिवारी मारुती, रविवारी जोतिबा. सगळे त्यांना आबा म्हणत. कोडोलीत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, आणि मी राजारामपुरीतून त्यांना मोटारी आणि सुटे भाग पुरवायचो. पन्हाळ्याच्या बाजूचे सगळे लहान दुकानदार आबांकडे बघून चालायचे. आबांनी जी मोटार ठेवली ती त्यांनी ठेवायची. आबा चहाला नाही म्हणाले, की त्यांनाही नेमकी त्याच वेळी एसटी आठवायची.

कारण मी सांगायला नको. दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसते. ती मी मुद्दाम तिथं लावली आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. मी जळालेल्या मोटारींत तांब्याच्या तारा नव्यानं भरायला शिकलो, फुटपाथवर बसून भरल्या, मग गाळा घेतला, मग वरचा मजला घेऊन पुढं ऑफिस, मागं घर केलं. मालाच्या भावासाठी माझ्याशी कुणीही तासभर भांडावं, मला आनंदच होतो. पण भांडून झाल्यावर चहा प्यावा. एवढी रीत पाळायला काय लागतं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या पंप कंपनीनं जिल्ह्याची एजन्सी नव्यानं द्यायची ठरवली. त्यांचे विक्री मॅनेजर माझ्या ऑफिसात आले. तरुण माणूस, बोलायला स्वच्छ. म्हणाले, "माल तुम्ही विकता, त्यात शंका नाही. पण डीलर तुमच्या मागं उभे आहेत, हे मला दिसलं पाहिजे. एक डीलर मीट घ्या. एखादं चांगलं हॉटेल बघा."

"हॉटेल नको," मी म्हणालो. "इथंच घेऊ. वर गच्ची आहे."

"आणि जेवण? केटरर?"

"जेवण घरचं."

मॅनेजर गेल्यावर बायको मागच्या खोलीतून बाहेर आली. ऑफिसची बिलं तीच बघायची. "कशाला परीक्षा घेताय लोकांची?" ती म्हणाली. "हॉटेलात घ्या. जेवतील, जातील, एजन्सी मिळंल."

"हॉटेलात जेवले तर हॉटेलचं जेवले. माझं काय जेवले?"

संध्याकाळी तिनं दोन्ही बहिणींना स्वयंपाकाला येण्याचा निरोप धाडला.

कंपनीचा कार्यक्रम म्हणजे काय, ते मी तोवर पाहुणा म्हणून खुर्चीत बसून बघितलं होतं. करायला घेतला तेव्हा कळलं, की त्यात कार्यक्रम थोडा आणि खुर्च्या फार असतात. मंडपवाल्याशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं. तो लाल गालिचा घ्याच म्हणायचा. मी म्हणालो, "गच्चीवर लग्न लावतोय का मी?" तो म्हणाला, "मग डाग पडलेल्या खुर्च्या चालतील?" शेवटी गालिच्याशिवाय, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्यांवर मिटलं. जनरेटर सांगितला. फिल्म दाखवायला व्हीसीआर आणि मोठा टीव्ही आणला. नवी मोटार चालवून दाखवण्यासाठी गच्चीवर पाण्याची टाकी चढवली. मॅनेजरना शनिवार हवा होता.

मी बुधवार धरला. का, ते मी त्यांना सांगितलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून बघितलं होतं. एकादशी नाही, चतुर्थी नाही, अमावास्या नाही, श्रावण दूर. बायको हसली. "माणसानं न्हाईच म्हणायचं ठरवलं, तर तो बुधवारचापण देव काढंल."

म्हणून मी स्वतः कोडोलीला गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानात पहिल्यांदा. आबा गल्ल्यावर बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसली आणि समोरच्या हॉटेलात हाक मारून चहा सांगितला. काचेच्या ग्लासात चहा आला. मी छातीवर हात ठेवला.

"आज उपास आहे."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "कंचा?"

"तुमचाच."

मला वाटलं चिडतील. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ग्लास उचलून स्वतः प्याले. मग म्हणाले, "काम सांगा, पावणं."

मी कार्यक्रमाचं सांगितलं. "जेवण आमच्या घरचं आहे. मटण आहे. बुधवारी कोणता देव असतो तुमचा?"

आबांनी खरोखरच बोटं मोजली. सोमवारपासून सुरुवात करून अंगठा एकेका पेरावर टेकवत गेले, बुधवारावर थांबले, आणि म्हणाले, "बुधवार मोकळा हाय."

येतो म्हणाले नाहीत. परत येताना मी मोटारसायकलवर सगळ्या वाटेनं त्या तीन शब्दांचा कीस पाडत होतो.

त्या बुधवारी पाहुणे वेळेवर आले, पण वर कुणी येईना. आमच्या समोर पानपट्टी होती, तिथं सगळे घोळक्यानं उभे राहिले. मी गच्चीच्या कठड्यावरून बघत होतो. मागं पांढऱ्या खुर्च्या ओळीनं रिकाम्या. मॅनेजर पहिल्या रांगेत एकटेच बसून कंपनीचं माहितीपत्रक वाचत होते, स्वतःच छापलेलं. खालच्या स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास जिन्यानं वर येत होता. तो वास रस्त्यापर्यंत जातो की काय, आणि गेला तर त्यानं माणसं येतील की जातील, हेही मला कळेना. मंडपवाल्याचा एक बांबू कलला होता, त्यावरून मी त्याला इतका बोललो, की तो म्हणाला, "शेठ, बांबूवर कशाला राग काढताय?"

"सुरू करायचं का?" मॅनेजरनी विचारलं.

"कोडोलीचे यायचेत."

"एका डीलरसाठी?"

मी परत कठड्यापाशी गेलो.

आबा रिक्षातून उतरले. धुतलेला सदरा, डोक्यावर कडक टोपी. घोळक्याकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि जिना चढायला लागले. त्यांच्यामागं बाकीचे. खुर्च्या भरल्या. स्वागत झालं, फिल्म झाली. टाकीतली मोटार एका झटक्यात सुरू झाली आणि धार थेट शेजारच्या गच्चीवरच्या वाळवणावर गेली, तेव्हा सगळे हसले. सत्कारात पहिली शाल आबांना. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मग मी जेवायला चला म्हणालो.

असा क्षण तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. आवाज काही होत नाही. कुणी नको म्हणत नाही. माणसं फक्त उठताना पिशवी हातात घेतात. एकानं सांगितलं, शेतात पाणी सोडायचंय. दुसऱ्याची वडगावची गाडी होती. तिघे जिन्याच्या तोंडाशी पोचले, त्यांच्यामागं आणखी चौघे-पाचजण. ताटांच्या चळतीपाशी माझी बायको वाढायचा डाव हातात धरून उभी होती. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "इकडे जेवायला थांबायची पद्धत नाही का?"

मी आबांकडे बघितलं. ते शाल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा उजवा हात उठला आणि छातीवर गेला.

माझं डोकं सरकलं. एजन्सी गेली ती गेली. "आबा, आज बुधवार आहे," मी मोठ्यानं म्हणालो. जिन्यावरची माणसं तिथंच थांबली.

"ठावं हाय की," आबा म्हणाले. खिशावर टेकलेला हात खिशात गेला आणि त्यांनी प्लॅस्टिकची लहान डबी बाहेर काढली. उघडली. आत दातांची कवळी होती. आमच्याकडे पाठ करून त्यांनी ती बसवली, जबडा दोनदा हलवून बघितला आणि वळले.

"नवी हाय. मटणावर अजून चालवून बघितली न्हाई," ते म्हणाले. "सकाळधरनं पोटात काय न्हाई माझ्या. वाढा." मग जिन्याकडे बघून, "काय रं, तुमची यष्टी काय जेवायच्या आधीच सुटती व्हय?"

माणसं परत फिरली. सगळी नाही. तिघे गेलेच, आणि त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. बाकीचे मांडी घालून बसले. आबांनी पहिला घास घेतला तेव्हा मी त्यांच्या घशाकडे बघत होतो, उतरतो का नाही ते. उतरला. "पोरी, पांढरा रस्सा आन की," त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. ती धावत गेली.

एजन्सी मला मिळाली. मॅनेजरनी तिथंच हात मिळवला.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी आबा दुकानात आले. मी स्वतः जाऊन चहा आणला. हात छातीवर गेला.

"आज उपास हाय, पावणं."

"आणि त्या दिवशी जेवलात ते?"

"त्या दिवशी बुधवार हुता."

मला वाटलं, आता त्या जेवणाची किंमत मागतील. ज्यादा सवलत, उधारीची लांब मुदत, काहीतरी. मी मनात आकडासुद्धा तयार ठेवला होता. त्यांनी नेहमीसारखीच घासाघीस केली, तेवढीच, आणि माल घेऊन गेले. पुढं कधीही त्या दिवसाचा विषय काढला नाही. भाव न लावता दिलेली गोष्ट घेऊन काय करायचं, ते मला कळत नाही. ती धड आपली होत नाही, परतही करता येत नाही.

लोक म्हणाले, आबांनी तुझी लाज राखली. राखली, मान्य. पण चारचौघांत जेवणं वेगळं. तिथं माणूस मोठा दिसतो. मला हवा होता तो चहा, जिथं बघायला कुणी नसतं. आणि चहाला दात लागत नाहीत.

त्यानंतरही ते कित्येक वर्षं येत राहिले. मोबाइल आले, त्यांच्या मुलानं दुकान हातात घेतलं, तरी काम नसतानाही यायचे, तसबिरीसमोरच्या खुर्चीत बसायचे. मी चहा मागवायचा सोडला नाही. त्यांनी हात छातीवर न्यायचा सोडला नाही. कपावर साय धरायची आणि कप परत जायचा. बुधवारी मात्र ते कधी आले नाहीत. नंतर नंतर बुधवारी मीही दुकानात नसायचो, इचलकरंजी-कबनूरकडे फिरतीवर जायचो. हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. त्यांनाही.

अशाच एका बुधवारी फिरतीवरून परत आलो, तर बायको म्हणाली, "कोडोलीचे आबा येऊन गेले."

"आज? काय काम होतं?"

"काय न्हाई. बसले. मी सवयीनं चहा ठेवला पुढं. प्याले."

मी बूट काढता काढता थांबलो. "प्याले?"

"बशीत ओतून. साखर जरा कमी हाय म्हणाले. मी वरून घातली. मग आणखी अर्धा मागून घेतला."

"माझं काही विचारलं?"

"न्हाई. तुम्ही नसता हे ठाऊकच की त्यांना."

मला संताप आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते माझ्यामागं उरकून घेतलं. येऊ दे गुरुवारी, विचारतोच, असं ठरवलं. काय विचारायचं, तेही शब्द जुळवून ठेवले. गुरुवारी आबा आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, आबा गेले म्हणून.

ती खुर्ची तिथंच आहे. बुधवारी मी आता फिरतीवर जात नाही.