मागितलेलं कुमपण

गव्रिलो वकिली शिकून नदीपलीकडून, सम्राटाच्या मुलखातून बेलग्रेडला आला, तेव्हा तुर्क नुकताच हटला होता. कायदा नावालाही नव्हता. ज्याच्या कमरेला पिस्तूल तो न्यायाधीश. कातडी कमावणाऱ्या रादोयेने त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि पुढे त्याच्या लग्नात कुम म्हणून उभा राहिला. आमच्यात कुम सख्ख्या भावापेक्षा वरचा. लग्नाला साक्ष त्याची, बाप्तिस्म्याला मूल त्याच्या हातावर, नावही तोच ठेवणार. कुणी कुमपण मागितलं तर नाही म्हणणं पाप.

नव्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने गव्रिलोला कायदे लिहायला बसवलं. पोरी पळवून लग्न लावायची खोड मोडायला त्याने लिहिलं, पळवणाऱ्याबरोबर त्याच्या कुमालाही काठ्या. कुमाशिवाय लग्नच लागत नाही, तेव्हा मुळावरच घाव. पुस्तकी हुशारी, दुसरं काय!

पहिल्याच खटल्यात समोर उभा कोण, तर रादोये. पळवणारा पोरगा कुमपण मागायला त्याच्या दारात येऊन टोपी काढून उभा राहिला होता, आणि म्हातारा हो म्हणाला होता.

"कुमा, मागितल्यावर नाही म्हणता येतं का?" रादोयेने विचारलं. "तू मागितलंस, तेव्हा म्हटलं होतं का मी?"

सगळा बाजार कान टवकारून होता. घरच्या कुमाला सोडलं तर उद्या या कायद्याला कुत्रंही विचारणार नाही, हे गव्रिलो जाणून होता. त्याने निकाल वाचला, आवाज हलला नाही. काठ्या हाणणाऱ्यांच्या दोन रांगांमधून म्हातारा चालत गेला आणि आठवडाभरात वारला. गव्रिलोला रडूच येईना. जेवायचा, लिहायचा, झोपायचा. आत सगळं बधिर.

शरदात त्याची बायको पेलागिया बाळंत झाली, मुलगा झाला. कुमपण बापाकडून लेकाकडे जातं, म्हणजे बोलवायचं ते रादोयेच्या विलिपला.

"कुठल्या तोंडाने बोलावणार?" पेलागिया म्हणाली.

पण घरचा कुम टाकून दुसरा करणं त्याहून वाईट. गव्रिलो विलिपच्या उंबऱ्याबाहेर टोपी काढून उभा राहिला. विलिपने त्याला आत बोलावलं नाही. नाही मात्र म्हणाला नाही.

चर्चमध्ये बाळ हातावर घेतल्यावर पाद्र्याने नाव विचारलं.

"रादोये," विलिप म्हणाला.

कुमाने ठेवलेलं नाव बापाला बदलता येत नाही. गव्रिलोने मान हलवली, मेणबत्तीचे पैसे दिले, घरी आला. पुढे तो मंडळात मोठा माणूस झाला. पोराला मात्र स्वतः मरेपर्यंत त्याने "ए मुला" अशीच हाक मारली.