आधी दुप्पट, मग दोन

दोन तुकडे झाल्यावर दोन्ही पुरेपूर जिवंत राहतात, असं काही तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे, अकोल्याच्या आमच्या वस्तीतल्या वाचनालयात, तायडे सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली. सर महिन्यापूर्वी अमरावतीत वारले. बडनेऱ्याहून आलेल्या एका रेल्वे कामगाराने ते सांगितलं, तेव्हा आम्ही सभेची पत्रकं वाटत होतो. वाटणं थांबवलं नाही... थांबवलेलं सरांनाही आवडलं नसतं.

ते अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. धर्मांतरानंतर वस्तीने वाचनालय उभारलं आणि सर रविवारी डबक्यातल्या पाण्याचा थेंब दाखवायला येऊ लागले. त्या थेंबात अमिबा मधोमध बारीक होत गेला आणि त्याचे दोन झाले. मागे प्रेत उरलं नाही. बॉम्बमुळे अणूचं फुटणं तेव्हा सर्वांच्या तोंडी होतं. त्या फुटण्याचं 'फिशन' हे नावही भौतिकवाल्यांनी आमच्या जीवशास्त्राकडूनच उसनं नेलं, असं सर हसून सांगत.

पुढे आमचा पक्ष फुटला, वस्तीत दोन गट झाले, दोन वाचनालयं झाली. पुस्तकांची वाटणी इतक्या काटेकोर न्यायाने झाली, की प्रत्येक ग्रंथाचा पहिला भाग इकडे आणि दुसरा तिकडे गेला. मॅट्रिकला बसणाऱ्या आमच्या मुलींच्या हाती अर्धी भूमिती उरली. सरांनी दोन्ही गटांना एकत्र बसवलं.

"अमिबा आधी आपलं केंद्रक दुप्पट करते, मंग दोन होते. म्हणून दोघंबी पुरे. युरेनियम फुटलं का तुकड्यात युरेनियम रायतच नाही, नुसती आग. तुमी काय केलं?"

"सर, अमिबाले निवडणुका नसतात," आमचा एक कार्यकर्ता म्हणाला. सगळे हसले, सरही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "अन् या पोरींनं अर्ध्या भूमितीवर मॅट्रिक कसं व्हावं?"



तत्त्वासाठी फुटावं लागलं तर फुटावं, असं मी आजही मानतो. सरांनीही एक व्हा म्हटलं नाही. त्यांनी भूमितीचे दोन्ही भाग मागून नेले आणि कॉलेजातून आल्यावर रोज त्यांची नक्कल उतरवू लागले, आकृत्यांसकट. पहिला भाग पुरा झाला. दुसऱ्या भागाच्या नकलेत एक वर्तुळ काढलेलं आहे, त्यावरच्या बिंदूंना अक्षरं द्यायची राहिली...

परीक्षा जवळ आली आहे. तुम्ही कोणत्या गटाचे, हे आम्ही विचारणार नाही. अक्षर सुवाच्य असेल, तर येत्या रविवारी टाक घेऊन जुन्या वाचनालयात या. त्या वर्तुळापासून पुढे उतरवायचं आहे.